मध्ये पडणारी माणसं

शिकागोच्या पश्चिम भागात कुणाच्या तरी भावाला गोळी लागते. इस्पितळाबाहेर पोरं जमतात. कुणी मारली हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि आज रात्री 'त्यांच्यातला' एक पडणार हेही. अशा वेळी त्या घोळक्यात चाळिशीचा एक माणूस येऊन उभा राहतो. त्याच्याकडे ना बिल्ला, ना पिस्तूल. शहाणपण तो शिकवत नाही. 'चल, आधी काहीतरी खाऊन येऊ,' एवढंच म्हणतो. डोकं थंड व्हायला जे दोन-चार तास लागतात, ते त्याला कसेही करून काढायचे असतात.

तिथे त्याला इंटरप्टर म्हणतात. आपण भांडणात 'मध्ये पडू नकोस' असं बजावतो; याला पगार मिळतो तो मध्ये पडण्याचाच.

कल्पनेच्या मुळाशी आहेत डॉ. गॅरी स्लटकिन, साथरोगांचे तज्ज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोत क्षयरोग, सोमालियातल्या निर्वासित छावण्यांत कॉलरा, मग जागतिक आरोग्य संघटनेत एड्स, एवढं करून ते 1995 मध्ये शिकागोला परतले. शहरातल्या गोळीबारांचे नकाशे पाहताना त्यांना ओळखीचं चित्र दिसलं: एका घटनेतून दुसरी, तिच्यातून तिसरी, त्याच त्या गल्ल्यांत. हा साथीचाच नकाशा होता. मग इलाजही साथीचाच हवा. 2000 साली वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये 'सीजफायर' सुरू झालं. आज ते 'क्युअर व्हायोलन्स' म्हणून ओळखलं जातं.

छावण्यांतून त्यांनी एक गोष्ट आणली होती: रोग्याच्या दारात त्याच्याच माणसांतला कार्यकर्ता पाठवायचा. हे पुणेकरांना पटवून द्यायला नको. 1897 च्या प्लेगात गोरे सोजिर घरात शिरू लागले, तेव्हा लोकांनी रोगीच लपवले.

म्हणून सीजफायरमध्येही नेमणूक होते ती बहुधा टोळीतून बाहेर पडलेल्यांची. तुरुंगवास ही त्यांची जणू पदवीच. इंटरप्टरांची ही तुकडी 2004 मध्ये संस्थेतल्या टिओ हार्डिमन यांच्या पुढाकाराने उभी राहिली. नियम कडक: कानावर आलेलं पोलिसांना सांगायचं नाही. एकदा सांगितलं की त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. पोलिसांना हे खटकतं, आणि त्यात नवल नाही.

2011 चा 'द इंटरप्टर्स' हा माहितीपट जमला तर पाहावा. त्यात एक तरुण पिस्तूल घेऊन धुमसतोय. कुणीतरी चहाडी केली, पोलिस घरात घुसले, आईला बेड्या घातल्या. इंटरप्टर कोबी विल्यम्स त्याचं सगळं ऐकून घेतात आणि जेवायला चल म्हणतात. हे एवढं साधं बघून मला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं, तो माणूस त्यांच्यावर चिडतोय, ओरडतोय, पण निघून जात नाहीये.

उपाय चालतो का? पहिल्या वर्षी वेस्ट गारफिल्ड पार्कमधले गोळीबार 67 टक्क्यांनी घटले, असं संस्था सांगते. पुढच्या स्वतंत्र अभ्यासांचे निकाल मात्र संमिश्र आहेत. काही वस्त्यांत फरक ठळक, काहींत दिसतच नाही. माझ्या मते गोम माणसांत आहे. लस बाटलीत भरून दुसऱ्या शहराला धाडता येते. वीस वर्षांची ओळख धाडता येत नाही. त्यात पैसा सरकारी. 2015 मध्ये इलिनॉय राज्याने निधी रोखला आणि बहुतेक केंद्रांना टाळं लागलं. 2016 साली शिकागोत साडेसातशेहून अधिक खून झाले. दोन्हींचा सरळ संबंध जोडणं घाईचं ठरेल, कारण त्या काळात शहरात इतरही बरंच बिघडलं होतं.

बाल्टिमोरमध्ये याच पद्धतीचं 'सेफ स्ट्रीट्स' 2007 पासून आहे. जानेवारी 2021 ते जानेवारी 2022 या काळात तिथले तीन कार्यकर्ते गोळीला बळी पडले. पहिले डांटे बार्क्सडेल, ज्यांना शहर 'टेटर' म्हणून ओळखत असे. काम थांबलं नाही. तिथली माणसं भडक नारिंगी शर्ट घालून फिरतात, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोरांना लांबूनच कळावं की येणारा पोलिस नाही.