उन्हाळ्याच्या सुट्टीतील समुद्रपर्यटन

परीक्षा संपल्या, आंब्याच्या पेट्या घरी येऊ लागल्या, म्हणजे आपल्या घरांतून एकच विषय निघतो, आणि तो म्हणजे सुट्टीत कोठे जावयाचे. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे : आजोळ. पुढे महाबळेश्वर आणि माथेरान आले, त्यानंतर सिमला आणि काश्मीर. अलीकडे या यादीत क्रूझची भर पडली आहे. क्रूझ म्हणजे उष्ण कटिबंधातील समुद्रावर चार-सहा दिवस फिरवून, वाटेत दोन-तीन बंदरे दाखवून, बहुधा पुन्हा मूळ बंदरी आणून सोडणाऱ्या मोठ्या जहाजाची सफर. आमच्या परिचयाच्या अनेक घरांतून या सफरीचा विचार चाललेला आम्ही ऐकतो, आणि तो बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाकडून सुरू झालेला आढळतो. जाहिरात पाहून जहाज ठरते, जहाजावरून तारीख ठरते, आणि घरच्या वडील माणसांस हे झेपेल की नाही, हा प्रश्न पैसे भरून झाल्यावर निघतो. आमच्या मते आधी घरची माणसे पाहावी, नंतर ऋतू, नंतर बंदरे, आणि जहाज सर्वांच्या शेवटी.

समुद्रप्रवास मुळी करावा की नाही, हा वाद आता कोणी घालीत नाही. तरी एखाद्या घरात आजोबांच्या मनात तो अजून घोळत असेल, म्हणून दोन शब्द लिहितो. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात समुद्रसंयान हे पतनीय कर्मांत घातले आणि पुढील निबंधकारांनी द्विजांच्या समुद्रयात्रेस कलिवर्ज्यांत जागा दिली, हे खरे. परंतु त्याहून कितीतरी प्राचीन अशा ऋग्वेदात तुग्रपुत्र भुज्यू समुद्रात संकटी सापडला असता अश्विनीकुमार त्यास शंभर वल्ह्यांच्या नौकेतून घरी आणतात. आणि १८८३ साली वैद्यक शिकण्याकरिता कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांचे नाव आज आपण अभिमानानेच घेतो. निषेधाचा प्रश्न मिटला आहे. विवेकाचा मात्र उरला आहे.

या सफरीच्या बाजूने एक गोष्ट आम्हांस मनापासून पटते. थंड हवेच्या ठिकाणी बंगला घेऊन राहणाऱ्या एकत्र कुटुंबात पुरुष आणि मुले हिंडतात, आणि घरच्या स्त्रिया तेथेही चहा, फराळ, धुणे आणि उष्टी-खरकटी यांतच गुंतलेल्या असतात. गाव बदलते, चूल बदलत नाही. जहाजावर सामान एकदा खोलीत लावले की ते परत निघेपर्यंत बांधावे लागत नाही. स्वयंपाक दुसरे करतात, आणि दहा-बारा माणसांची पंगत रोज एकत्र बसते. ज्या घरात सुनेने वर्षभर सर्वांच्या वेळा सांभाळल्या, तिला चार दिवस कोणाचीही वेळ सांभाळावी लागू नये, एवढ्या एका कारणासाठीही हा खर्च क्षम्य ठरेल. पण सफर चुकीची निवडली, तर हा लाभ प्रथम तिच्याच हातून जातो. तो कसा, हे पुढे येईल.

आता ऋतू. आपली सुट्टी आणि आपला समुद्र यांचे दुर्दैवाने पटत नाही. मोसमी पाऊस सामान्यतः १ जूनच्या सुमारास केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत येतो. त्यापूर्वीच्या आठवड्यांत अरबी समुद्राचे पाणी अतिशय तापलेले असते, आणि तापलेले पाणी हेच चक्रीवादळाचे इंधन होय. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातेत शिरले. त्याच्या आदल्या वर्षी ३ जून रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगड जिल्ह्यातील बागा भुईसपाट केल्या. बंगालच्या उपसागरावरही २०१९ चे ‘फनी’, २०२० चे ‘अम्फान’ आणि २०२१ चे ‘यास’, ही तिन्ही मे महिन्यातीलच. आपले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेस नारळ वाहून मग समुद्रात जातात, यात पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान आहे. कोकणच्या जुन्या आगबोटीही पावसाळ्यात बंद राहत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवसाची आठवण अलिबागकडील घरांतून अद्याप निघते.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. आजची जहाजे ‘रामदास’च्या अनेक पटींनी मोठी असतात, हवामानाचा अंदाज कित्येक दिवस आधी मिळतो, आणि वादळाची चाहूल लागताच कप्तान मार्ग बदलतो. मात्र मार्ग बदलला म्हणजे ज्या बेटासाठी आपण पैसे भरले ते बेट हुकते, आणि उसळत्या समुद्रावर म्हाताऱ्यांचे हाल होतात. यास्तव मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप अशी सफर करावयाची असेल, तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यातच जाणे असेल, तर एप्रिल संपण्यापूर्वी परत यावे. मे महिन्याच्या उत्तरार्धात या समुद्रावर घरची वडील मंडळी घेऊन जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग मे महिन्यातच सुट्टी असणाऱ्यांनी काय करावे? त्यांनी विषुववृत्ताच्या जवळ जावे. चक्रीवादळास फिरण्याची गती पृथ्वीच्या परिवलनामुळे मिळते, आणि हा परिणाम विषुववृत्तापाशी जवळजवळ शून्य असतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे पाच अंशांपर्यंत अशी वादळे क्वचितच उठतात. २००१ च्या डिसेंबरात सिंगापूरजवळ उठलेले ‘वामेई’ हा गाजलेला अपवाद. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम सव्वा अंशावर आहे. तेथून निघून मलाक्काच्या सामुद्रधुनीने जाणाऱ्या जहाजास सुमात्रा बेटाची पाठ मिळते, आणि हिंदी महासागराच्या लाटा सहसा तेथवर पोचत नाहीत. पहाटे कधी कधी सोसाट्याचा वारा आणि पाऊस येतो. तेथे त्यास ‘सुमात्रा’ असेच म्हणतात. पण तो एक-दोन तासांत ओसरतो.

बंदरांची निवड हा यापुढचा, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. जाहिरातीत बंदरांची नावे असतात. जहाज तेथे धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून उभे राहणार, हे ठळक अक्षरांत नसते. जहाज बाहेर उभे राहिले म्हणजे प्रवाशांना लहान बोटीत उतरून किनारा गाठावा लागतो. कोकणच्या बोटींच्या काळी आपले आजोबा-पणजोबा हर्णै बंदरी पडावात उतरत, तोच हा प्रकार. तरुणांना त्यात गंमत वाटते. पण दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला हलती शिडी आणि हलती होडी यांच्यामधील हातभर अंतर फार मोठे असते.

आमच्या परिचयाचे एक अकरा माणसांचे कुटुंब अशा सफरीस गेले होते. तीनपैकी दोन ठिकाणी जहाज बाहेरच उभे राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी शिडीपर्यंत गेल्या, खाली हलणारी होडी पाहिली आणि परत फिरल्या. त्यांना एकट्या कशा ठेवणार, म्हणून थोरली सून दोन्ही दिवस जहाजावर थांबली. घरी परतल्यावर सर्वांनी आपापली छायाचित्रे दाखविली; त्या दोन दिवसांतील एकाही छायाचित्रात ती बाई नव्हती. तिने तक्रार केली नाही. परंतु तिकीट काढण्यापूर्वी एक प्रश्न विचारला असता, तर तिला ते दोन दिवस मिळाले असते.

या दृष्टीने पाहता लक्षद्वीप अत्यंत रमणीय, पण वृद्धांस कठीण. प्रवाळाच्या भिंतीने वेढलेले तेथील पाणी इतके उथळ आहे की मोठे जहाज आत जाऊच शकत नाही. होडीवाचून गत्यंतर नाही. शिवाय तेथे प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो. थायलंडातील फुकेत बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मे महिन्यापासून नैर्ऋत्य वाऱ्याच्या लाटा आदळतात. ते ठिकाण हिवाळ्यासाठी ठेवावे. याउलट मलेशियातील पेनांग येथे जहाज जॉर्ज टाउन शहराच्या अगदी कडेला धक्क्यास लागते. या जुन्या शहरास २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथील तमिळ वस्तीतील महामारिअम्मन देवीचे मंदिर १८३३ सालचे असून धक्क्यापासून दूर नाही. आजी सकाळी दर्शन घेऊन दुपारच्या जेवणास जहाजावर परत येऊ शकतात. पोर्ट क्लांग बंदरीही जहाज धक्क्याला लागते, परंतु क्वालालंपूर तेथून सुमारे चाळीस किलोमीटर आत आहे. जाण्यायेण्यातच दोन-तीन तास मोडतात, हे लक्षात ठेवावे.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत आणि जे उन्हाळ्यात नातवंडांकडे जातात, त्यांच्यापुढे कॅरिबियन समुद्र येतो. फ्लोरिडातील मायामी व अन्य बंदरांतून तिकडे जहाजे सुटतात. तेथील वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानला जातो आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो ऐन भरात असतो. म्हणून मुलांच्या शाळा सुटताच, जूनमध्ये, जाणे बरे. ऑगस्टची अखेर टाळावी. अरूबा, कुरासाव ही दक्षिणेकडील बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर पडतात. ग्रँड केमन बेटापाशी मात्र जहाजे बाहेरच उभी राहतात.

आता जहाज आणि खोली. फार मोठे जहाज कमी हलते, पण त्यावर चालणे फार. जेवणघरापासून खोलीपर्यंत लांबच लांब बोळ असतात. मध्यम आकाराचे जहाज एकत्र कुटुंबास सोयीचे पडते. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. लहान मुलांच्या सी-सॉवर टोके वरखाली होतात आणि मध्य स्थिर राहतो, तोच न्याय येथेही. ज्यांना बोट लागते त्यांनी उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे, पोट अगदी रिकामे ठेवू नये, आल्याचा तुकडा चघळावा. औषध घ्यावयाचे तर ते वैद्यांना विचारून आणि मळमळ सुरू होण्यापूर्वी. दोन खोल्यांमध्ये दार असलेली जोडखोली मिळाल्यास आजी-आजोबा आणि नातवंडे यांची उत्तम सोय होते. सहा महिन्यांच्या आतील अर्भकास आणि चोविसाव्या आठवड्यात पोचलेल्या गर्भवतीस बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत.

शाकाहारी, कांदा-लसणाविरहित वा उपवासाचे अन्न लागणार असल्यास ते तिकीट काढतानाच लेखी कळवावे. जहाज सुटल्यावर बाजारहाट करता येत नाही. हात साबणाने धुण्याचा आपल्या घरचा नियम जहाजावर दुप्पट पाळावा. जहाजांवर पसरणाऱ्या जुलाब-वांतीच्या नोरोव्हायरसवर बाटलीतील जंतुनाशक द्रवापेक्षा साबण आणि वाहते पाणी अधिक परिणामकारक आहे. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल भारी असते. वृद्धांची औषधे दोन-चार दिवस अधिक पुरतील इतकी न्यावी आणि प्रवासविमा अवश्य उतरावा.

खर्चाच्या बाबतीत एवढेच सांगतो की जाहिरातीतील आकडा हा शेवटचा आकडा नव्हे. तो बहुधा एका खोलीत दोघे, या हिशोबाने माणशी असतो. त्यावर बंदराचे कर, दररोज माणशी सेवकांची बक्षिसी, काठावरील सहली, पेये, इंटरनेट हे सर्व निराळे. भर समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रहावर लागला तर बिल भयंकर येते; तो विमानातल्याप्रमाणे बंद करून ठेवावा. बहुतेक जहाजांवर जुगाराची दालनेही असतात. घरातील तरुणांशी त्याविषयी आधीच मोकळेपणे बोलणे हे पुढे रागावण्यापेक्षा बरे. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतावयाचे असेल, तर व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा.

दोन नियम कधीही मोडू नयेत. पहिला, जहाज सुटताना होणारी संकटकालीन कवायत. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यापाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ माणसे दगावली. त्याच सायंकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. आपले जाकीट कोठे आणि जमण्याची जागा कोणती, हे प्रत्येकाने, विशेषतः आजी-आजोबांनी, प्रत्यक्ष चालून पाहावे. दुसरा, घड्याळ. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. स्वतंत्रपणे हिंडावयास गेलेल्या प्रवाशाकरिता जहाज थांबत नाही.

शेवटी वाचकांस एकच विनंती. पैसे भरण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे आणि घरातील सर्वांत वृद्ध माणूस व सर्वांत लहान मूल यांना समोर ठेवून ऋतू, बंदर, शिडी, खोली आणि जेवण हे पाच प्रश्न कागदावर मांडावेत. उत्तरे समाधानकारक आली नाहीत, तर लांबची सफर सोडून जवळची, तीन रात्रींची निवडावी. पण वडील माणसांना घरी ठेवून जाण्याचा सोपा मार्ग धरू नये. मुलांच्या वाट्याला पुढे पुष्कळ सुट्ट्या आहेत. आजी-आजोबांच्या तशा नाहीत.