गॅदरिंगच्या पेटीतला कपडेपट

बालगंधर्वांचे पाहून पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका आपले नेसणे बदलत, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १९११ च्या ‘मानापमान’मधली भामिनी भरजरी, तर १९२० च्या ‘एकच प्याला’मधली सिंधू ठिगळांच्या लुगड्यात. दोन्हींमागे मंडळीचा कपडेपट उभा असे आणि त्यावर पैसा पाण्यासारखा जाई. गंधर्व नाटक मंडळीच्या कर्जाला ही हौसही कारणीभूत झाली. पुढे २०११ मध्ये ‘बालगंधर्व’ चित्रपट आला, तेव्हा तो थाट नीता लुल्ला यांनी नव्याने उभा केला आणि त्यांना वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रास्तच होता तो. पण जुने कापड नुसते जपून ठेवणाऱ्याला आपल्याकडे कोण विचारतो?

असे कापड नकळत जपून ठेवणारी एक जागा सर्वांच्या माहितीची आहे. ती म्हणजे शाळेतली गॅदरिंगची पेटी.

मुळशी तालुक्याचेच घ्या. एका टोकाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा पाऊस. अशा ओल्या मुलखात कापड आधीच टिकत नाही आणि टिकले तरी त्याला तीन वाटा फुटतात. सुती नऊवारी विरले की त्याची गोधडी होते. सव्वाआठ मीटर कापड वाया घालवण्याइतकी श्रीमंती कुणाकडे होती? धड असेल ते बोहारणीच्या पाटीत जाते आणि बदल्यात स्टीलचे पातेले येते. खऱ्या जरीचे असेल तर जुनी जर घेणारा दारावर येतो, वजन करतो आणि पुढे ते जाळून त्यातली चांदी काढली जाते. आजीचा शालू भट्टीत गेला हे नातीला बहुधा तिच्या लग्नाच्या वेळी कळते.

या तिन्ही वाटांतून जे निसटले, ते नाटकात गेले. बाईंनी घरून आणलेले, कुणा मुलाच्या आजीकडून मागून आणलेले आणि परत करायचे राहून गेलेले. गेलेल्या माणसाचे कपडे घरात नकोत म्हणूनही पुष्कळ कोट, टोप्या आणि उपरणी शाळेकडे येतात. पत्र्याची ट्रंक, डांबराच्या गोळ्या, वर पुठ्ठ्याचे मुकुट आणि दशावताराची गदा, आणि त्याखाली अचानक हाताला लागणारे जड, गार इरकली लुगडे.

ते खरे की यंत्रमागाचे, हे पदराशी कळते. हातमागाच्या इरकलीत पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासाफासाने जोडलेला असतो. त्या जोडावर बोट फिरवले की बारीक कड लागते. पैठणी उलटी करून पाहावी: हातविणीच्या पदरावरचा मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो, यंत्राच्या मोरामागे सुटे धागे लोंबतात. खरी जर काळवंडते, प्लास्टिकची जर काळवंडत नाही. मुले नेमकी तीच ‘चांगली’ म्हणून निवडतात. गिरणीच्या कापडाच्या टोकाला शिक्का असेल तर भाग्यच. त्यावर लांबी वारांत असेल, तर कापड मेट्रिक मापे सक्तीची होण्याआधीचे, म्हणजे साधारण १९६२ पूर्वीचे. त्यावर छापील किंमत असेल, तर ते १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आल्यानंतरचे. टेरिलीन किंवा टेरीकॉट निघाले, तर साठच्या दशकाच्या मागे जायचे कारण नाही.

ही नजर पुढे कुठवर नेते, ते चित्रपटांच्या वेशभूषाकार भानू अथय्या यांच्याकडे पाहिले की कळते. कोल्हापूरच्या अण्णासाहेब राजोपाध्ये या चित्रकाराची ही मुलगी. वडिलांनी बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठी काम केलेले, मुलगी जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेली. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रे अभ्यासली. ‘गांधी’मध्ये तर वेष हीच अर्धी गोष्ट होती: १९१५ मध्ये मुंबईला उतरताना काठेवाडी पागोटे, १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईत पंचा. जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले. आणि २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली सांभाळण्यासाठी अमेरिकेतल्या अकादमीकडेच परत पाठवली. रवींद्रनाथांचे नोबेल पदक २००४ मध्ये शांतिनिकेतनातून चोरीला गेले, त्याचा दाखला त्या देत. आयुष्यभर कापडाची कदर केलेल्या बाईला स्वतःचे बक्षीस ठेवायला इथे खात्रीची जागा सापडू नये, याची आपल्याला फारशी लाज वाटलेली दिसत नाही.

अपवाद आहेत. चष्म्याचे दुकान चालवणारे, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर वाड्यावाड्यांतून दिवे, अडकित्ते, वज्री आणि वस्त्रे गोळा करत राहिले आणि १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ‘प्रभात’चे जुने पोशाखही जपलेले आहेत. पण संग्रहालयात जाते ते बहुतेक उंची वस्त्र. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहात बायका उतरल्या. त्या नेसत तसले रोजचे जाडेभरडे लुगडे कुणाला काचेत ठेवावेसे वाटले नाही. ते असलेच, तर अशा एखाद्या ट्रंकेत असेल.

ती ट्रंक आता रिकामी होऊ लागली आहे. गॅदरिंगसाठी ड्रेपरीवाल्याकडून शिवलेली नऊवारी आणि सोनेरी लेस लावलेले साटीनचे अंगरखे भाड्याने येतात. शिवकाळात साटीनचे मावळे कुठून आले, हे एकदा कुणीतरी त्या दुकानदाराला विचारायला हवे. जुने कपडे मग ‘जागा अडते’ म्हणून भंगारात निघतात.

डिसेंबरात पेटी उघडेल तेव्हा शिक्षकांनी एवढे करावे. कपडे धुऊ नयेत, जरीवर इस्त्री फिरवू नये. सावलीत जुन्या चादरीवर पसरावेत, गंजलेल्या सेफ्टी पिना काढाव्यात, एकेकाचा फोटो घ्यावा. मुलांच्या आज्यांना शाळेत बोलवावे. कोणते लुगडे कोणत्या काळातले, ते त्या पदर हातात घेऊन सांगतील. त्यांचे सांगणे पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून सुती नाडीने कापडाला बांधावे. आणि साटीन खुशाल भाड्याने आणावे, पण पेटीतले इरकली पाचवीतल्या मावळ्याच्या कमरेला शेला म्हणून बांधू नये.