पहिला सिलिंडर फुकट, दुसऱ्याचं काय?

लोकलमध्ये हेडफोन लावून उभे असाल, तर आज जरा मनाने स्वयंपाकघरात या.

माझी आजी घाटकोपरच्या चाळीत रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करायची. पंप मारा, पिन घाला, रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभे राहा. आज त्याच भागातल्या टॉवरमध्ये महानगर गॅसची पाइपलाइन आहे. पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या आदिवासी पाड्यांवर चूल काही पूर्ण विझलेली नाही.

आणि धूर म्हणजे नुसतं डोळे चुरचुरणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

आपल्याकडे १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली. गरीब घरातल्या बाईच्या नावावर, डिपॉझिटशिवाय गॅस. मुंबईत मात्र घोडं अडलं ते पत्त्यावर. साकीनाक्याला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचं रेशनकार्ड गावाकडचं, भाडेकरार तर नाहीच! ऑगस्ट २०२१ च्या उज्ज्वला २.० ने ही अट सैल केली. स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वतःचं घोषणापत्र चालेल, असं ठरलं. शेगडी आणि पहिला सिलिंडरही फुकट.

मग सुटला प्रश्न? कसला सुटतोय.

मोबाइलच्या भाषेत सांगतो. पाइपचा गॅस पोस्टपेड आहे आणि सिलिंडर प्रीपेड. टॉवरवाला आधी गॅस जाळतो, बिल नंतर भरतो. रोजंदारीवरच्या बाईला मात्र १४.२ किलोचे सगळे पैसे आधी, एकरकमी मोजावे लागतात. सबसिडी येते, पण नंतर, बँकेत. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "दादा, गॅस आहे हो घरात. भरायला पैसे एकदम कुठून आणू?"

म्हणून ५ किलोचा छोटा सिलिंडर मला महत्त्वाचा वाटतो. एका वेळी पैसे कमी लागतात, उचलायलाही हलका. उज्ज्वला २.० मध्ये तो पर्याय ठेवलेला आहे. योजनेबाहेर तो नुसत्या ओळखपत्रावरही मिळतो, फक्त सबसिडी नाही.

गल्लीत किलोवर गॅस भरून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत साचतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत आपण झोपतोही जमिनीवरच.