तारीख चुकली, तयारी नाही : १८४४ च्या एका भाकितातून संशोधकाने काय घ्यावं?



मागच्या लेखात आपण गृहीतक कसं मांडायचं ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांचा प्रश्न आला : "गृहीतक चुकलं तर काय करायचं?" पुस्तकी उत्तर सोपं आहे, नाकारायचं. पण प्रत्यक्षात ते इतकं सोपं का नसतं, हे समजून घ्यायला आज थोडं लांबचं उदाहरण घेऊ. विषय आहे ख्रिस्ती धर्मातली 'शेवटच्या काळा'ची श्रद्धा. धर्माचा विषय बघून लगेच टॅब बंद करू नका. यात आपल्या कामाचं बरंच काही आहे.

आधी संकल्पना नीट समजून घेऊ

येशू ख्रिस्त पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय होईल, ही ख्रिस्ती श्रद्धेची मुख्य बाब आहे. याला पुनरागमन किंवा दुसरं आगमन म्हणतात. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यातल्या पहिल्या रविवारी वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिक चर्चमध्ये 'जागे राहा' या अर्थाचंच वाचन असतं. म्हणजे ही काही एखाद्या कोपऱ्यातल्या पंथाची कल्पना नाही.

आता गंमत बघा. मत्तयच्या शुभवर्तमानात २४व्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. आणि लगेच सांगितलंय, म्हणून तयार राहा. 'तारीख कळली की तयारीला लागा' असं नाही. तारीख कळणार नाही, म्हणूनच तयारी.

ही तयारी म्हणजे नेमकं काय? २५व्या अध्यायात त्याची तीन चित्रं आहेत. नवरदेवाला उशीर होतो, तेव्हा दिव्यात पुरेसं तेल असलेल्या पाच कुमारी आणि तेल संपलेल्या पाच. मालकाने दिलेला पैसा कामाला लावणारे दोन नोकर आणि तो जमिनीत पुरून ठेवणारा तिसरा. आणि शेवटी न्यायाचा प्रसंग, तिथे विचारणा होते ती भुकेल्याला जेवू घातलं का, कैद्याला भेटायला गेलात का याची. हिशेब कोणी बरोबर मांडला होता, हे तिथे कोणी विचारत नाही.

मग हिशेब मांडणारा आला

विल्यम मिलर (१७८२–१८४९) हा अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. त्याला वेडा समजू नका. वाचन दांडगं, १८१२ च्या युद्धात सैन्यात होता, तरुणपणी तर बायबलवर विश्वासही नव्हता. पुढे तो बॅप्टिस्ट झाला आणि बायबल ओळ-न्-ओळ पडताळत बसला.

त्याची पद्धत बघा. दानीएलच्या पुस्तकात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं. सुरुवात धरली इ.स.पू. ४५७, म्हणजे पारसी राजाने यरुशलेमबद्दल काढलेल्या फर्मानाचं वर्ष. २३०० वजा ४५७ म्हणजे १८४३. २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या वर्षात ख्रिस्त येईल, असं त्याने जाहीर केलं.

वजाबाकी बरोबर आहे. पण दिवसाचं वर्ष का? सुरुवात तिथूनच का? ही दोन्ही गृहीतकं तपासली गेली नव्हती. इनपुटच शंकास्पद असेल तर आकडेमोड कितीही काटेकोर असून उपयोग काय?

मार्च १८४४ उलटला. काहीच घडलं नाही. मग लक्षात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य वर्ष नसतंच, म्हणजे एक वर्ष वाढवायला हवं. ऑगस्टमध्ये सॅम्युअल स्नो नावाच्या प्रचारकाने ज्यू पंचांगातल्या प्रायश्चित्त दिनावरून नेमकी तारीख दिली : २२ ऑक्टोबर १८४४. मिलरने स्वतः ती अगदी शेवटच्या आठवड्यांत मान्य केली.

हजारो लोक वाट पाहत होते. काहींनी बटाट्याचं पीक काढलंच नाही, शेतात तसंच ठेवलं. २३ तारखेला नेहमीसारखा सूर्य उगवला. इतिहासात याला 'महान निराशा' म्हणतात. (जाता जाता : हे लोक पांढरे झगे घालून टेकड्यांवर चढले होते ही गोष्ट खूप ठिकाणी वाचाल. तिला भक्कम पुरावा नाही. चेष्टेची गोष्ट पुराव्यापेक्षा वेगाने पसरते, लिटरेचर रिव्ह्यू करताना हे ध्यानात ठेवा.)

२३ ऑक्टोबरनंतरचे चार रस्ते

१. बरेच जण चळवळ सोडून गेले.

२. काहींनी नव्या तारखा काढल्या. त्याही गेल्या.

३. काहींनी तारीख तीच ठेवली आणि घटनेचा अर्थ बदलला. त्या दिवशी जे घडायचं ते पृथ्वीवर नाही, स्वर्गात घडलं, असं ते म्हणाले. याच प्रवाहातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झालं. पुणे विद्यापीठाच्या बाजूचं स्पायसर हे त्याच चर्चचं. या चर्चने पुढे नवी तारीख दिली नाही. आरोग्य आणि शिक्षण या कामांवर मात्र जगभर भर दिला.

४. मिलरने स्वतः वेळेबद्दल चूक झाल्याचं कबूल केलं आणि येण्याची आशा मरेपर्यंत सोडली नाही.

लिऑन फेस्टिंजर आणि सहकाऱ्यांनी १९५६ च्या 'व्हेन प्रॉफेसी फेल्स' या पुस्तकाच्या सुरुवातीला मिलरच्या चळवळीचं उदाहरण घेतलं आहे. भाकीत फसल्यावर श्रद्धा ढासळण्याऐवजी कधीकधी प्रचार उलट वाढतो, हे त्यांचं म्हणणं. पण ते पुस्तक वाचताना पद्धतीवरचं परिशिष्टही वाचा. ते अभ्यासत होते त्या छोट्याशा गटात त्यांचे स्वतःचे निरीक्षक अनुयायी बनून बसले होते, आणि त्याचा गटावर परिणाम झाला हे त्यांनीच लिहिलंय.

आता आपल्याकडे वळू

हे सगळं वाचून मिलरला हसणार असाल तर माझा किस्सा ऐका. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोग्रेस सेमिनारमध्ये मी छातीठोकपणे सांगितलं होतं की अमुक तापमानाला सॅम्पल भाजलं की हवी ती फेज मिळणार. एक्सआरडीचा ग्राफ आला. पीक नव्हतंच. त्या रात्री मी पाच कारणं काढली. फर्नेसचं कॅलिब्रेशन, प्रिकर्सरमधला ओलावा, आणखी काय काय. पाचांत एकही कारण 'माझं गृहीतक चुकलं' हे नव्हतं. गाईड मॅडमनी यादी वाचली आणि एवढंच विचारलं, "ही कारणं भाजण्याच्या आधी तुझ्या वहीत होती का?"

नव्हती. शून्य वर्षाचा मुद्दाही मार्च उलटण्याआधी जमेस धरला नव्हता. तो मुद्दा खराच होता, माझ्या कारणांतलंही एखादं खरं असेल. पण निकालानंतर सुचलेलं कारण हे नवं गृहीतक असतं. ते वेगळं तपासावं लागतं. जुन्याला वाचवायला ते फुकट वापरता येत नाही.

एक काळजी मात्र घ्या. '२२ ऑक्टोबरला येईल' हे विधान तपासता येतं, आणि ते चुकलं. 'कधीतरी येईल' हे आपल्या पद्धतीने तपासता येत नाही. म्हणून पहिल्याच्या चुकीवरून दुसरं खोटं ठरलं असं लिहू नका, आणि दुसऱ्याला विज्ञानाचा आधार आहे असंही लिहू नका.

आता गृहपाठ. नवीन प्रयोग सुरू करण्याआधी वहीत तारीख टाकून तीन ओळी लिहा :

- मला काय दिसेल असं वाटतं?
- काय दिसलं तर मी चूक मान्य करेन?
- मी चुकलो किंवा चुकले, तरी यातलं कोणतं काम वाया जाणार नाही?

पहिल्या दोन ओळी बहुतेक जण लिहितात. तिसरी राहून जाते, आणि फेलोशिपची वर्षं संपत आली की तीच छळते. नीट ठेवलेल्या नोंदी, कॅलिब्रेट केलेलं उपकरण, ज्युनिअरला शिकवलेली पद्धत हे दिव्यातलं तेल. निकाल कधी आणि कसा येईल ते आपल्या हातात नाही, तेल भरून ठेवणं आहे. बटाटे मात्र वेळेवर काढा!

तुमची तिसरी ओळ काय आहे, नक्की कळवा. पुढच्या लेखात निगेटिव्ह रिझल्ट थिसिसमध्ये कसे लिहायचे ते पाहू.