सरोवराची पांढरी तबकडी
सरोवर किती निर्मळ आहे, हें एका पांढऱ्या तबकडीनें मोजतां येतें. ती दोरीनें पाण्यांत सोडावयाची व किती खोलीवर दिसेनाशी होते तें पाहावयाचें. इटालियन ज्योतिर्विद अँजेलो सेक्की यांनीं १८६५ सालीं योजिलेली ही युक्ति आजही चालते. १९७७ सालीं रॉबर्ट कार्लसन यांनीं तिला गुण जोडले: ४ मीटरांस ४०, दोहोंस ५०, एकास ६०. गुण अधिक तितकें शेवाळ अधिक. शाळेंतील परीक्षेच्या अगदीं उलट हिशेब! अमेरिकेंत सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवरांत सांडपाण्यावर शेवाळ माजलें होतें. १९६३ ते १९६८ या काळांत तें पाणी अन्यत्र वळविल्यावर तबकडी पुन्हां खोलवर दिसूं लागली. मात्र गाळानें गढूळलेल्या तलावांत हे गुण फसवितात, आणि पटकीचे जंतु नितळ पाण्यांतही असूं शकतात; त्यांचा शोध प्रयोगशाळेंतच लागतो.