उचल, खाडा आणि कामाची ओढ

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या वाड्या-तांड्यांना कुलुपं लागतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल टनावारी ऊस तोडून फेडायची, आणि खाडा पडला, म्हणजे कामाचा दिवस बुडला, तर दंड.

अशा कामात माणूस पहाटे उठतो तो कशाच्या बळावर? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी दबावाखाली केलेलं काम आणि मनापासून केलेलं काम वेगळं काढून दाखवलं. कामात आपलं थोडं चालतं, आपल्याला ते जमतं आणि सोबतची माणसं आपली आहेत, असं वाटलं की ओढ टिकते. उचलीच्या धाकानं ऊस तुटतो, पण ती फिटेपर्यंतच.

म्हणून मुकादम कसा आहे, यावर फार काही ठरतं. ब्राउन, ट्रेविनो आणि हॅरिसन यांनी २००५ मध्ये नैतिक नेतृत्वाची मांडणी केली. नेत्यानं स्वतः सरळ वागावं आणि बक्षीस-शिक्षेतही तोच सरळपणा दिसावा, हा तिचा गाभा. फडात याचा अर्थ रोकडा आहे: वजनकाट्याची पावती मजुराला दाखवली का? तापानं फणफणलेल्या बाईचा खाडा धरला का?

जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास मला इथे फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के पगारकपात झाली. एकीकडे कारणं नीट समजावून खेद व्यक्त केला, दुसरीकडे त्रोटक घोषणा करून विषय संपवला. कपात सारखीच होती, पण त्रोटक घोषणेच्या कारखान्यात चोऱ्या कितीतरी जास्त झाल्या. पैसे कमी झाल्याचं दुःख माणूस सोसतो, आपल्याला मोजलंच नाही हे त्याला सोसवत नाही.

बीडमध्ये खाड्याच्या धाकाची किंमत बायकांनी शरीरानं मोजली. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या त्रासात दिवस बुडू नये, हे त्यामागचं एक कारण होतं.

सगळा दोष मुकादमावर टाकणं मात्र मला पटत नाही. डेव्हिड मेयर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की वरच्यांची नीती मधल्या अधिकाऱ्यांमार्फत खाली झिरपते. मुकादमाच्या वर साखर कारखाना आहे. जानेवारी २०२४ च्या ऊसतोडणी करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं. आता काट्याची पावती थेट कोयत्याच्या हातात पडावी आणि आजारपणाचा खाडा माफ व्हावा, ही अट मुकादमाशी करार करताना कारखान्यानंच घालायला हवी.