दहा बाय बाराची खोली आणि दोन सायकली

सायकल ही गरिबाची गाडी असे आपण म्हणतो. मोटारवाल्याला गॅरेज असते, निदान आवारात पांढऱ्या रेघा मारलेली जागा तरी असते. गरिबाच्या गाडीला मात्र कोणत्याही नकाशात जागा दाखवलेली नसते. ती रात्री घरातच येते. जेवणे उरकली, भांडी घासून झाली, अंथरुणे टाकायची वेळ झाली की घरातले कोणीतरी विचारते, ‘सायकल आत घेतली का रे?’ आणि सायकल आत आली की कुणाचे तरी अंथरूण आखडते.

बाहेर का ठेवत नाही, असे ज्यांना विचारावेसे वाटते त्यांनी आपल्या वस्तीत एक रात्र काढावी. बाहेर ठेवलेल्या सायकलीची सकाळी सीट नसते, परवा घंटी गेलेली असते आणि दोन पावसाळ्यांत चेन गंजून लाल होते. बरे, दुसरी घ्यायला पैसा नाही. म्हणून ती घरात येते हे बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की घरात आल्यावर तिने कुणाची जागा घ्यावी?

कचेरीत जमाखर्च मांडण्याची सवय असल्यामुळे आम्ही एकदा अशा खोलीचा ताळेबंद मांडून पाहिला. खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. मोरी तीन बाय चार, गेले १२. ओटा आणि त्याखालची मांडणी, १०. दिवाण, १८. लोखंडी कपाट, साडेचार. पाण्याचे पिंप, पत्र्याची पेटी आणि दार उघडायला लागणारी मोकळी जागा मिळून पंधरा-सोळा. शिल्लक राहिली ६० चौरस फूट. एका माणसाला झोपायला सहा बाय दोन, म्हणजे १२ फूट लागतात. आता मोठ्या माणसाची सायकल मोजा. लांबी सहा फुटांच्या थोडी वर, हँडलपाशी रुंदी जवळजवळ दोन फूट. म्हणजे तेही बाराच! एक सायकल म्हणजे एक अंथरूण. दोन सायकली उभ्या राहिल्या की पाच अंथरुणांची तीन होतात. मूल पाटी-पुस्तक पसरून बसले तर त्याला तीन बाय तीन, नऊ फूट लागतात. सायकल आत आल्यावर आधी जातात ते हेच नऊ फूट, कारण अभ्यासाची जागा कुणी खडूने आखून ठेवलेली नसते.

बाबासाहेबांचे मुंबईतले शालेय शिक्षण परळच्या चाळीतल्या एका खोलीत झाले. त्या घरातही माणसे जास्त आणि जागा कमी. सुभेदार रामजींनी त्यावर वेळेचा उपाय काढला. मुलाला लवकर झोपवायचे आणि पहाटे दोनला, घर निजलेले असताना, अभ्यासाला उठवायचे. त्या खोलीत सायकल नव्हती एवढेच. आपल्या खोलीत आहे, आणि ती चैनीची वस्तू नाही. घरातला कर्ता पहिल्या पाळीला तिच्यावरून जातो, थोरला क्लासला जातो आणि मुलगी शाळा-कॉलेजला जाते.

इथे आमचा खरा आक्षेप आहे. जागेची तंगी झाली, कुरबुर वाढली, की तीन सायकलींतली कोणती आधी जाते ते पाहा. वडिलांची पोटाची म्हणून राहते. मुलाची राहते. मुलीच्या सायकलीबद्दल म्हणतात, ‘तिला काय, मैत्रिणींबरोबर चालत जाईल.’ मग ती सायकल गावी पाठवली जाते किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. पुढच्या वर्षी लांबच्या कॉलेजात प्रवेश मिळतो तेव्हा घरचे म्हणतात, जाण्यायेण्याचे कसे करायचे? आणि जवळचे, न आवडणाऱ्या विषयाचे कॉलेज तिच्या गळ्यात पडते. स्त्रियांनी किती प्रगती केली यावरून समाजाची प्रगती मोजावी, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. आपण तसबिरीला हार घालतो आणि सायकल भंगारात घालतो, याचा मेळ बसत नाही.

सायकलीचे मोल आपल्या जुन्या माणसांना विचारावे. गावच्या चावडीवरून किंवा पाटलाच्या वाड्यावरून जाताना सायकलवरून उतरून, ती हातात धरून चालावे लागे, अशा हकिकती आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. बसून पुढे गेले तर बोलणी, कधी मार. आज गावाकडच्या मुलींना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून, आठवी ते बारावीच्या शिक्षणासाठी, निवडक तालुक्यांत सायकली मिळतात. आपल्या कितीतरी मुली त्यावर बसून त्याच रस्त्याने शाळेत जातात, उतरत नाहीत. ती सायकल गोठ्याच्या कडेला शेणापाण्यात पडून गंजू देणे आम्हाला तरी पटत नाही.

तेव्हा सायकल घराबाहेर काढू नका, जमिनीवरून वर उचला. हे कसे करायचे ते आता सांगतो. आमच्या वस्तीत तीन-चार घरांत केलेले आहे.

पहिली गोष्ट, सगळ्या सायकली टांगायच्या नाहीत. जी रोज सकाळी सर्वांत आधी निघते ती दाराजवळ, जमिनीवर. ती मुलीची असेल तर मुलीची. जी आठवड्यातून एक-दोनदा लागते ती वर. दोन खालीच ठेवणे भाग असेल तर एकीचे तोंड दाराकडे आणि दुसरीचे भिंतीकडे करावे. मग हँडलात हँडल अडकत नाही आणि हातभर जागा वाचते. एवढी साधी गोष्ट, पण बहुतेक घरांत दोन्ही सायकली एकाच दिशेला तोंड करून भांडत उभ्या असतात.

टांगायची ती कशावर? बाजारात तयार हूक मिळतात. पण अर्ध्या इंचाची सळई लोहाराकडून वाकवून घेतली आणि तिच्यावर जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले तर तेच काम होते, रंगही खरवडत नाही. खरे दुखणे भिंतीचे आहे. कॅरियर, स्टँडसकट मोठी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. काँक्रीटच्या तुळईत फास्टनर मारला तर तो हा भार सहज पेलतो. परंतु आपल्याकडे दोन घरांमधली भिंत बहुधा साडेचार इंचांची असते. तिच्यात खिळा ठोकला की पलीकडच्या घरातला फोटो पडतो. अशा भिंतीवर भरवसा ठेवू नये. त्यापेक्षा जमिनीपासून पोटमाळ्याच्या चौकटीपर्यंत चार इंची लाकडी खांब उभा करावा, तो खाली-वर घट्ट बसवावा आणि हूक त्या खांबाला मारावेत. भार जमिनीवर येतो आणि शेजाऱ्यांशी संबंधही टिकतात. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या पन्हाळी छपराच्या घरात छपराला काहीही टांगू नये. खालचा वासा किंवा लोखंडी अँगल जाड आणि पक्का असेल तरच त्याचा विचार करावा, तोही जाणत्या मिस्त्रीला दाखवून.

पुढचे चाक हुकात अडकवून सायकल उभी टांगण्याची पद्धत दुकानातून दिसते. तिला रुंदी दोनच फूट लागते, पण ती खोलीत साडेतीन फूट पुढे येते. आपल्या खोलीत ते जमत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळाला पायडल लागते. भिंतीला समांतर, दिवाणाच्या किंवा पेटीच्या वर टांगणे बरे. मात्र लहान मूल झोपते त्या जागेवर कदापि नाही. समांतर टांगली तरी हँडल फूटभर पुढे येतेच. क्वचितच वापरायची सायकल असेल तर हँडलच्या मधला बोल्ट पान्याने सैल करून, वरून लाकडी ठोकळ्याने हलके ठोकून, हँडल चाकाच्या रेषेत फिरवता येते. पायडल काढले तर आणखी चार-पाच बोटे वाचतात. डाव्या बाजूच्या पायडलचे आटे उलटे असतात, तेव्हा ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुटते. हे ठाऊक नसल्यामुळे पाने झिजवून, शेवटी हातोडा मारून बसलेले आम्ही पुष्कळ पाहिले. सळ्यांच्या ब्रेकची जुनी काळी सायकल असेल तर मात्र तिचे हँडल फिरवण्याच्या भरीस पडू नये. ब्रेकच्या सळ्या वाकतात. हा उपाय तारेच्या ब्रेकवाल्या सायकलीचा. आणि बाहेर काढताना बोल्ट पुन्हा आवळला की नाही ते मोठ्या माणसाने पाहावे. सैल हँडलची सायकल रस्त्यावर जीव घेईल.

लेडीज सायकलीला आडवा दांडा नसतो, म्हणून ती दोन हुकांवर बसत नाही आणि ‘हिची काही टांगायची सोय नाही’ असा निकाल लागतो. सोय आहे. सीटच्या खालच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत एक बांबू किंवा पाइपाचा तुकडा सुतळीने घट्ट बांधावा. झाला आडवा दांडा. किंवा एक हूक सीटखाली आणि दुसरा हँडलच्या मानेखाली येईल अशा वेगवेगळ्या उंचीवर दोन हूक मारावेत.

वीस किलो वजन डोक्याच्या वर उचलणे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला किंवा पाठ दुखणाऱ्या आईला जमणारे नाही. तिथे कप्पी लावावी. दोरीचे एक टोक वर तुळईला बांधायचे, दोरी सायकलीला अडकवलेल्या कप्पीतून खाली नेऊन पुन्हा वर, तुळईवरच्या दुसऱ्या कप्पीवरून घ्यायची आणि मग ओढायची. याने ओढायचा भार जवळजवळ निम्मा होतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे असते, मुलांकडूनच बसवून घ्यावे. दोरी बांधायची खुंटी मात्र भक्कम आणि लहान मुलांच्या हाताबाहेरची असावी.

चाळीत राहणारे म्हणतील, एवढा उपद्व्याप कशाला, बोळ आहे, जिन्याखाली जागा आहे. बी.डी.डी. चाळींच्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून बोळ. त्या बोळात पिंपे, पेट्या, सायकली ठेवूनच तिथल्या पिढ्या जगल्या. त्यांना दोष देण्याची आमची इच्छा नाही. पण जिन्याखाली बहुधा विजेचे मीटर असतात. तिथे ठिणगी पडली तर टायर-ट्यूब पेटतात, काळा धूर जिन्याने वर चढतो आणि माणसांना खाली उतरायची तीच एक वाट असते. आता बॅटरीच्या सायकलीही आल्या आहेत. डिलिव्हरीचे काम करणारी आपली मुले त्या वापरतात. ती बॅटरी रात्रभर दाराजवळ चार्जिंगला लावून झोपू नये. आग लागली तर दारच अडते. दिवसा, कुणी जागे असताना, कंपनीच्या चार्जरनेच चार्ज करावी.

ज्या घरात काहीच बसत नाही, त्यांच्यासाठी विहाराचा विचार व्हावा. विहाराच्या मागच्या भिंतीला तीन फुटांचे पत्र्याचे छप्पर काढले, खाली जमिनीत दीड-दोन इंची पाइप सिमेंटने पक्का बसवला, की दहा-बारा सायकलींची सोय होते. साखळी चाकातून घालून भागत नाही, चाक सोडून बाकीची सायकल नेतात. ती फ्रेममधून पाइपला घालावी. पंचशील आपण रोज म्हणतो, तरी कुलूप लावावे. एक वही ठेवावी आणि तिच्यात प्रत्येक सायकलीचा फ्रेम नंबर लिहावा. तो सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या दांड्याखाली ठोकलेला असतो. चोरी झाली तर पोलीस ठाण्यात तोच कामाला येतो, ‘लाल रंगाची’ एवढ्याने काही होत नाही.

यात एक अडचण येते, ती आधीच सांगतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते आणि नेमका तेव्हाच पाऊस असतो. सायकली भिजू नयेत म्हणून पोरे त्या सभागृहात आणतात आणि ओल्या चाकांनी सतरंजी खराब झाली म्हणून वडीलधारी मंडळी रागावतात. मागच्या भिंतीचे छप्पर पावसाळ्याआधी झाले तर हा वाद उरत नाही. मंडळाच्या बैठकीत हा खर्च मांडताना महिला मंडळाला आधी बोलू द्यावे. कुणाच्या घरी रात्री कोण पाय दुमडून झोपते, ते त्यांना ठाऊक असते.

शेवटचा मुद्दा नव्या इमारतींचा. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर २२५ चौरस फुटांचे होते, पुढे २६९ आणि नंतर ३०० झाले. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या साडेपाचशेच्या वर कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सायकल विसाव्या मजल्यावर नेताना वॉचमन अडवतो, लिफ्टला ओरखडे पडतात म्हणतो. लिफ्टमध्ये ती मागच्या चाकावर, मागचा ब्रेक दाबून उभी धरली तर एका माणसाइतक्या जागेत मावते, हे वॉचमनला दाखवून द्यावे. आणि ज्यांच्या वस्तीचा पुनर्विकास अजून कागदावर आहे त्यांनी समितीच्या बैठकीत नकाशा समोर येईल तेव्हा मोटारींच्या मजल्यांवर बोट ठेवून विचारावे, सायकल स्टँड कुठे आहे? तोंडी आश्वासनावर राहू नये. लेखी अर्ज द्यावा, त्यावर रहिवाशांच्या सह्या घ्याव्यात, पोच घ्यावी आणि ती पोच घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावून ठेवावी.